दोन वॅटची मिजास

१

मंगळवारी सकाळी दहा वाजता खापरच्या पोस्टामागच्या खोलीत पोस्टमास्तर सुपडूनं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण उचललं आणि असा ओरडला, की समोरच्या लिंबावरचे पोपट थेट गुजरातेत जाऊन बसले. चार दिवस आले नाहीत. तिकडच्या गोड मिरच्यांना कंटाळले तेव्हा परतले.

"मन्हा क्रिस्टल! मन्हा क्रिस्टल कोनी लिधा?"

साल एकोणचाळीस, चैत्र लागलेला. ऐकायचा रेडिओ तेव्हा खापरात तीन घरी होता. बोलायचा मात्र एकट्या सुपडूकडे, तोही सरकारी परवान्याचा. बोलायचा म्हणजे तोंडानं नाही, तारेसारखा, कट्-कडकट् करून. त्या डब्यात एक काचेचा दिवा, तांब्याच्या तारेचं एक वेटोळं, आणि सगळ्यांचा जीव म्हणजे तो क्रिस्टल. टपालाच्या तिकिटाएवढी गारगोटीची चकती. तिच्यामुळं आवाज आकाशात आपल्या जागी बसतो. ती नसली तर डब्यात बिस्किटं भरावीत.

दारात उभे होते शहाद्याचे प्रेमचंद शेठ. जिनिंगवाले. यांच्याकडे मुंबईहून आणलेलं शंभर वॅटचं यंत्र आणि त्याचा एवढा उंच खांब, की घारी मधल्या मुक्कामाला थांबायच्या. पण आवाज सुरतेच्या पुढं काही जायचा नाही. आणि इथं सुपडूचे दोन वॅट, म्हणजे हातातल्या विजेरीच्या दिव्याएवढा जोर, नऊ देशांत पोचलेले! मुंबईच्या कुठल्याशा मंडळानं चांदीचा पेला ठेवला होता. पाच वॅटच्या आत जो दहा देश गाठेल आणि दहा देशांची कार्डं दाखवेल, त्याला. सुपडूला एकच देश कमी होता. शेठला हे पटत नव्हतं, म्हणून ते मोटार घेऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आले होते.

त्यांच्याबरोबर फौजदार आला होता. फौजदार कशाला? शेठच्या मोटारीत चिवड्याचा डबा होता म्हणून.

फौजदारानं मिशा पुसल्या आणि तपास सुरू केला. तीन मिनिटांत संपवलासुद्धा.

"मास्तर, हा क्रिस्टल शेवटचा कधी पाहिलात?"

"सकायले. साडेसहाले बोलनं संपाडं, समोरनाले रामराम करा, डबा बंद करा. तव्हय व्हता."

"नंतर खोलीत कोण आलं?"

"दिवलीबाई. साडेआठले सारवाले."

जमीन अजून ओली होती. शेणाच्या त्या सारवणावर दारापासून मेजापर्यंत मास्तरची ताजी पावलं आणि फौजदाराचे बूट, बस्स. दुसरं कुणाचं बोटसुद्धा उमटलेलं नव्हतं.

"म्हणजे सारवणानंतर कुणी आलं नाही. सारवलं तिनं. चोर तीच."

दिवलीबाई मोलगीच्या वरच्या पाड्याची. बाजाराच्या दिवशी खाली उतरली की मिळेल ते काम करायची. तिचं गाठोडं फौजदारानं अंगणात उघडलं. नागलीची भाकर निघाली, मिरची निघाली, लोखंडाचा तुकडा निघाला, आणि उन्हात लखकन चमकला एक पांढरा दगड.

"हा घ्या तुमचा क्रिस्टल!"

दगड लिंबाएवढा. क्रिस्टल तिकिटाएवढा. सुपडूनं दगडाकडे पाहिलं. तोंड उघडलं. मग मिटलं.

दिवलीबाईला ठाण्यात नेलं. आणि स्वयंपाकघराच्या दारात पिठाचे हात घेऊन उभ्या असलेल्या गजराबाईनं ते उघडलेलं आणि मिटलेलं तोंड तेवढं लक्षात ठेवलं.

२

गजराबाई ही सुपडूची मावशी. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, म्हणून त्याला भाकर घालायला आलेली. तिचा नवरा नंदुरबार ठेसनावर तारमास्तर होता. तीस वर्षं भिंतीपलीकडं तार वाजायची आणि अलीकडं हिच्या भाकरी. कुणी शिकवलं नाही, पण बाईला सगळं कळायला लागलं. नुसत्या ठोक्यांवरून ती सांगायची, की आज उधन्याच्या तारबाबूचं बायकोशी भांडण झालंय, आणि संध्याकाळपर्यंत बातमी खरी व्हायची. एकदा तर म्हणे नवरा झोपला तेव्हा हिनंच आख्खी मालगाडी सोडली. असो.

या रेडिओवाल्यांबद्दल तिचं मत एका शब्दाचं होतं: रिकामटेकडे. तार पाठवली तर कुणाचा जन्म कळतो, मरण कळतं. हे लोक पहाटे उठून एकमेकांना सांगतात काय? तुझा आवाज येतो, माझा आवाज येतो का? आणि एवढ्यासाठी मग एकमेकांना कार्ड पाठवायचं आणि ते भिंतीला ठोकायचं!

तिनं आधी शेठला गाठलं. ते मोटारीत बसतच होते.

"शेठ, उतरा खाले. तुमना खिसा दखाडा."

"अरे मावशी! मी काय चकत्या चोरतो? माझ्याकडं डझनभर होत्या."

"व्हत्यात? मंग आते कितल्या?"

शेठ जरा ओशाळले. "सहा. सहा तडकल्या. जोर जास्त दिला की पापडासारख्या तडकतात हो. आणि मास्तरची तर त्याहून पातळ. ती मला देऊन काय उपयोग? माझ्या यंत्रात तिचा एका घटकेत भुगा."

"म्हंजे दोन वॅटवर तडकत नही?"

"दोन वॅटवर? मावशी, दोन वॅटवर माशीचा पंखसुद्धा तापत नाही." शेठ हसले. "म्हणून तर मी म्हणतो, दोन वॅटवर नऊ देश ही थाप आहे."

"थाप नही ती. मी मन्हा कानवरी आयकेल शे. तुमना शंभर वॅट मातर सुरतमां जाईसन घारीनी मिठाई खातस आनि परत येतस."

शेठची मोटार धूळ उडवत गेली. गजराबाई खोलीत शिरली आणि डब्यावर वाकली.

क्रिस्टल नुसता नसतो. छोट्याशा काळ्या डबीत, दोन पितळी पट्ट्यांच्या मध्ये दाबून बसवलेला असतो. डबीला खाली दोन पाय, दातासारखे. बोटांनी ओढली की आख्खी डबी उपटून येते. आणि इथं डबी जागेवर होती! तिच्यावरचे चारही बारके स्क्रू घट्ट आवळलेले. आत चकती नाही.

गजराबाईनं कपाळाला हात लावला. चोरी करायला आलेली बाई, डबी उपटून कनवटीला लावायची सोडून, चार स्क्रू उघडते, चकती काढते, चारही स्क्रू परत लावते, झाकण घालते आणि मग शेण कालवायला बसते? असा टापटिपीचा चोर मुंबईतसुद्धा पगार देऊन ठेवावा लागेल. आणि ते स्क्रू फिरवायचं बारकं पेचकस खापरात एकच होतं. सुपडूच्या सदऱ्याच्या खिशात.

पण तिला त्याहून एक वेगळीच गोष्ट टोचत होती. त्याच दिवशी पहाटे ती भाकरी थापत होती, आणि भिंतीपलीकडं सुपडूची कट्-कडकट् चालली होती. सुपडू एरवी अघळपघळ असेल, पण निरोप घेतल्याशिवाय उठणारा नव्हे. आकाशातल्या माणसाला रामराम घालण्यात त्याची दहा मिनिटं जायची.

त्या दिवशी त्यानं रामराम घातलाच नव्हता. कट्-कडकट् मध्येच, अर्ध्या शब्दात, थांबली होती.

३

ठाणं म्हणजे एक खोली आणि एक कोठडी. बुधवारी गजराबाई भाकरी घेऊन गेली तेव्हा फौजदार टेबलावर पाय टाकून बसला होता, आणि पायांमध्ये तो दगड होता. त्यावर लाख लावून चिठ्ठी चिकटवलेली.

"साहेब, मास्तरना क्रिस्टल तिकीटएवढा व्हता. हाऊ लिंबूएवढा शे."

"ऊन फार आहे, बाई. फुगला असेल."

"दगड फुगस?"

"पंचनामा झालाय," फौजदार म्हणाला. म्हणजे आता देवानं येऊन सांगितलं तरी दगड क्रिस्टलच. "पुढच्या बुधवारी तळोद्याच्या कोर्टात उभी करतो. सहा महिने कुठं गेले नाहीत."

कोठडीत दिवलीबाई भिंतीला टेकून बसली होती. भाकर तिनं घेतली, पण खाल्ली नाही.

"मावशी, मी नही लिधं."

"माले माहीत शे. तो दगड कसाना?"

"चकमक शे ती. आमना डोंगरमां गारगोटी गाडाभर पडेल शे. लोखंड घासं का आग व्हस. चूल कशी पेटाडू मी, सायेबना मिशीवर?"

गजराबाईला हसू आलं, पण दिवलीबाईच्या डोळ्यांत ते नव्हतं.

"मोहूनं फूल पडी ऱ्हायनं, मावशी. पहाटले पडस, पहाटलेच येचना पडस. पंधरा दिन, मंग सरनं. मन्ही पोर एकटी शे तठे, सात वरीसनी. मोहू नही येचा तं पावसाळामां आमी काय खावाव? आनि चोर म्हनीसन नाव पडं तं या बाजारमां माले कोन उभं करी?"

गजराबाईनं बोटांवर दिवस मोजले. आठ दिवस होते हातात. ती पोस्टाकडे न जाता शेजारच्या वत्सलाबाईकडे वळली. वत्सलाबाईचा नवरा ताडीच्या ठेक्यावर, म्हणून घरात ऐकायचा रेडिओ. संध्याकाळी अर्धं गाव ओट्यावर.

रेडिओ आज मुका होता.

"बिघडना का व?"

"नही व माय, बॅटरी नव्हती ना. सोमवारले मास्तर उना आनि लयी गया. म्हने, उतरी गयी शे, भरीसन देस. काल संध्याकायले आनी दिधी तं साव मरेल! तठलोंग तं चांगली वाजे."

"कोनती बॅटरी? काचना भांडानी, तेजाबनी?"

"ती नही. ती तं टपालवाला भटू हप्तानं हप्ता शहादाले लयी जास, शेठना इंजिनवर भराले. ही दुसरी, ईटएवढी, कोरडी. शायना गुरुजीनीबी लयी गया म्हने मास्तर. आनि ठेकेदारना घरनीबी."

गजराबाई ओट्यावर टेकली. तारमास्तरची बायको होती ती. तीस वर्षं बॅटऱ्यांच्या मांडणीला तिनं पाणी घातलं होतं. तेजाबाची बॅटरी भरता येते, हे तिला माहीत होतं. आणि कोरडी?

कोरडी बॅटरी संपली की फेकायची असते. ती जगात कुणालाच भरता येत नाही, आणि हे सुपडूइतकं खापरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

मग तीन घरांच्या तीन चांगल्या बॅटऱ्या त्यानं सोमवारी नेल्या कशाला?

४

उत्तर तिला कळलं होतं. पण नुसत्या उत्तरानं पंचनामा फाटत नाही, त्याला कागद लागतो. कागद कुठून येणार, तेही तिला कळलं होतं. म्हणून ती पुढचे सहा दिवस गप्प बसली. सुपडूला भाकर वाढायची, त्याच्याकडे बघायची. सुपडू दिवसेंदिवस वाळत होता. दोन घास खाऊन उठायचा. तिनं एकदा विचारलंसुद्धा.

"भाऊ, ती दिवली सुटी का रे?"

"फौजदारनं काम शे ते, मावशी. मी तिनं नाव थोडंच लिधं?"

"नही, तू कोठे लिधं," गजराबाई म्हणाली आणि त्याच्या ताटात मीठ जरा जास्त पडलं.

सोमवारी टपालाची थैली घेऊन भटू हरकारा आला. भटूला अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिकिटं सगळी तोंडपाठ. थैली मास्तरसमोर फुटली की हा बाजूला बसून परदेशी तिकिटं बघायचा.

दुपारी गजराबाईनं त्याला ताक दिलं. "काय रे भटू, आज कोनतं नवं तिकीट उनं?"

"नारयना झाडेसनं, मावशी! कधी दखेल नव्हतं. एक कार्ड. मास्तर आधी तं नाचना. नाचनाच! मंग वाचं, आनि तोंड असं व्हयनं जशी म्हैस मरनी. मंग खिसामां घालं."

"फाडं नही ना?"

"कार्ड? मास्तर? मावशी, तो सोताले फाडी, कार्ड नही फाडाव."

"बस," गजराबाई म्हणाली. "तेच माले पाहिजे व्हतं. आते तू असं कर. ठाणामां जाय आनि सायेबले सांग, मास्तरनी मावशीनी उद्या मांडा करेल शेतस. आनि शहादाले शेठलेबी सांग, क्रिस्टल सापडना."

"सापडना? कोठे?"

"आजून नही. उद्या सापडी."

५

मांडे म्हटल्यावर फौजदार अर्धा तास आधी आला. दिवलीबाईलाही बरोबर आणलं होतं, एकटीला ठेवलं तर राखायला शिपाई नव्हता म्हणून. शेठ आले. सुपडू मध्ये उभा, आणि भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेली नऊ कार्डं.

फौजदार चौथ्या मांड्यावर असताना गजराबाई बोलली.

"सायेब, चोर बाहेरना नही. चोर बाहेरना ऱ्हाता तं डबी उपटीसन लयी जाता. याठे स्क्रू उघाडात, स्क्रू परत लावात. पेचकस कोनाकडे शे?"

सगळ्यांनी सुपडूच्या खिशाकडे पाहिलं.

"ती सवय शे हो, मास्तरनी. घर पेटनं तरी आधी स्क्रू आवळी. बरं, सारवानंतर कोनी उनं नही, हाई तुमनं खरं. पन सारवाना आधीच चकती नव्हती तं?"

"पण मास्तरनं साडेसहाला..." फौजदार तोंडातला घास सावरत म्हणाला.

"मास्तरनी साडेसहाले रामराम करा नही. मी भिंतआड आयकी ऱ्हायंतू. अर्धा शब्दमां बंद पडना. आनि सोमवारले तीन घरन्या कोरड्या बॅटऱ्या यानी 'भराले' लिध्यात. शेठ, तुमी सांगा, कोरडी बॅटरी भरतस?"

शेठ उठून उभे राहिले. "कोण भरतो? ओळीनं जोडतात तिला! एकीला दुसरी, दुसरीला तिसरी... अरे मास्तर! दोन वॅटचे तीस केलेस?"

"दहावा देश येत नव्हता ना," गजराबाई म्हणाली. "आवाज पोचे, पन डासनायेवढा. समोरना म्हने, परत सांग, परत सांग. यानं टकुरं फिरनं. मंग तिन्ही बॅटऱ्या जोड्यात. आनि दोन वॅटनी चकती पापडनायेवढी..."

"मावशी," सुपडू म्हणाला. "पुरावा शे का?"

हे तो बोलला आणि गजराबाईला जे थोडंफार वाईट वाटत होतं तेही संपलं. ती भिंतीपाशी गेली. आठ कार्डं भिंतीला सपाट चिकटलेली, आणि एक, ऑस्ट्रेलियाचं, पोटुशीसारखं पुढं आलेलं. तिनं खिळा उपसला. ऑस्ट्रेलियाच्या मागून खाली पडलं नारळाच्या झाडांच्या तिकिटाचं कार्ड.

"वाचा, शेठ. मराठीमां वाचा, सायेबले समजू द्या."

शेठनं चष्मा लावला. "कोलंबोहून आहे. कुणी चहामळ्यावाला. म्हणतो, मंगळवारी सकाळी तुमचा आवाज आधी डासासारखा येत होता. मग एकदम ढोलासारखा आला, आणि माझं गाव विचारता विचारता अर्ध्या शब्दात बंद झाला. सगळं ठीक आहे ना? दोन वॅटबद्दल अभिनंदन."

खोलीत फक्त फौजदाराचं चावणं ऐकू येत होतं. मग तेही थांबलं.

"दोन वॅटवर चकती तडकत नही," गजराबाई म्हणाली. "दस वाजता शेठ येवाव व्हतात, तुटेल चकती दखतात तं सगळं समजी जातं. म्हनीसन चोरी. कार्ड जाळी टाकतास तं मी काय करतू, सुपडू? पन दहावा देश! पेलाले कार्ड लागस! बाई जेलमां सडी तं चाली, कार्ड फाटाले नको."

सुपडूनं टोपी काढली. टोपीच्या घडीत कागदाची पुडी, पुडीत चकतीचे दोन तुकडे. तेही टाकवले नव्हते.

"मी तिनं नाव लिधं नही, मावशी," तो पुटपुटला.

"दगड निंघना तव्हय तू तोंड उघडं आनि बंद करं. मी दखं. तुन्हा काका तीस वरीस तार वाजाडे. गरिबनं वाईट व्हई असा निरोप उना तं हात थरथरे त्याना. आनि तुन्हं बोट आठ दिन थरथरनं नही. दोन वॅटना मानूस तू. चकतीले दोन वॅट, मनले तेबी नही."

शेठ खो खो हसायला लागले. गजराबाईनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "सुरत," तसे ते गप्प झाले.

फौजदारानं पंचनामा फाडला आणि त्याच्याच मागच्या बाजूला हात पुसले. लाख फोडून त्यानं दगड दिवलीबाईला परत दिला. माफी मागायची राहिली. पाचवा मांडा आला होता.

सुपडूनं मावशीसमोर बसून आपल्या वहीत, पहाटे काय बोललो ते रोज लिहायच्या त्या वहीत, त्या मंगळवारपुढं खरं लिहिलं: वॅट तीस, क्रिस्टल तडकला, दहावा देश खोडला. लिहिताना रडला. गजराबाईनं शाई सांडू नको म्हणून सांगितलं.

दिवलीबाई दाराशी थांबली. मेजावरचा तो बिस्किटाचा डबा तिनं पहिल्यांदाच नीट पाहिला. मग गाठोड्यातली गारगोटी काढून त्यात ठेवली.

"बसाड यामां. जोर कितलाबी दे, तडकाव नही. आमनाकडे गाडाभर शे." मग क्षणभर थांबून तिनं ती परत उचलली. "नही. चूल पेटाडनी शे माले."

"थांब दिवली," गजराबाई म्हणाली. "हाऊ मास्तरबी ई ऱ्हायना तुन्हासंगे. तुन्ह्या आठ पहाटा गयात ना? यान्या आठ पहाटा तुले. पोस्ट मी आनि भटू सांभाळसूत."

"मावशी! पहाटलेच तं सगळा देश आयकू येतस!"

"आयक ना मंग. मोहूखाले बसीसन आयक."

आणि तसंच झालं. मोलगीच्या वरच्या पाड्यावर आठ पहाटा, जग सगळं आकाशात एकमेकांना रामराम घालत असताना, खापरचा पोस्टमास्तर मोहाच्या झाडाखाली कंबर वाकवून एकेक फूल वेचत होता. दिवलीबाईची सात वर्षांची पोर त्याच्या मागून फिरायची आणि त्यानं सोडलेली दाखवायची. पोरीची टोपली उन्हं वर येण्याआधी भरायची. मास्तरच्या टोपलीत दुपारपर्यंत दोन वॅटभर मोहू पडायचा.